आरोपीही मीच, साक्षीदारही मीच

रॅप म्हटले की आपल्याकडच्या बहुतेक जाणत्या मंडळींच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. गळ्यात जाड सोनसाखळी, मागे महागडी मोटार, आणि तोंडी 'माझ्यासारखा मीच' हा घोष. हे चित्र खोटे आहे असे मी म्हणणार नाही. बढाई हा त्या कलेचा जन्मजात गुण. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक ॲव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने शाळेसाठी नवे कपडे घ्यायला चार पैसे जमावेत म्हणून एक पार्टी ठेवली आणि तिच्या भावाने, जमैकाहून आलेल्या 'कूल हर्क'ने, तिथे तबकड्या वाजवल्या. हिप-हॉपचा जन्म तो हाच, असे आता सर्वत्र मानतात. त्या पार्ट्यांत माइक हातात घेणाऱ्याचे काम म्हणजे नाचणाऱ्यांना चेव आणणे आणि स्वतःची टिमकी वाजवणे. पश्चात्तापाला तिथे जागा कुठली असणार?

आणि तरीही याच कलेत पुढे एक दुसरी धार निर्माण झाली. तिच्यात गाणारा स्वतःलाच पिंजऱ्यात उभा करतो आणि साक्षही स्वतःच देतो. या धारेचा इतिहास मला त्या सोनसाखळीपेक्षा जास्त लक्षवेधक वाटतो. त्यावरच आज थोडे.

पहिला मोठा टप्पा म्हणून १९८२ सालच्या 'द मेसेज'चे नाव घेतात. ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह या मंडळाच्या नावावर ते निघाले असले तरी शब्द मुख्यतः ड्यूक बूटी आणि मेली मेल या दोघांचे. मंडळातल्या इतरांना ते नकोच होते. नाचाच्या रात्री कोणाला पडक्या चाळी आणि उंदीर ऐकायचे आहेत, असा त्यांचा रोकडा सवाल होता. सिल्व्हिया रॉबिन्सन या कंपनीच्या मालकीणबाईंनी हट्ट धरला म्हणून ते झाले. २००२ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवण्याजोग्या ध्वनिमुद्रणांची पहिली यादी केली, तीत हे गाणे होते. पण जरा कान देऊन ऐका. त्यातला 'मी' परिस्थितीने पिचलेला आहे, अपराधी नाही. शेवटच्या कडव्यात गुन्हेगारीकडे वळून तुरुंगात जीव देणाऱ्या पोराची कथा येते, पण तिथे 'मी' नाही, 'तू' आहे. बोट अजून समोरच्याकडेच आहे.

ते बोट स्वतःकडे वळायला नऊ वर्षे लागली, आणि वळले ते न्यूयॉर्कमध्ये नव्हे, टेक्सासातल्या ह्यूस्टन शहरात. गेटो बॉइज हे तिथले त्रिकूट अत्यंत हिंसक, किळसवाण्या गाण्यांसाठी बदनाम होते. त्यांच्यातल्या स्कारफेसने (खरे नाव ब्रॅड जॉर्डन) १९९१ मध्ये 'माइंड प्लेइंग ट्रिक्स ऑन मी' हे गाणे पुढे आणले. आयझॅक हेजच्या एका जुन्या सुरावटीचा तुकडा पार्श्वभूमीला, संथ आणि उदास. वर शब्द कोणाचे, तर रात्री झोप न लागणाऱ्या माणसाचे. कोणी तरी आपल्या मागावर आहे असे त्याला सारखे वाटते, आणि तो 'कोणी तरी' हळूहळू त्याच्यासारखाच दिसू लागतो. शेवटच्या कडव्यात बुशविक बिल हॅलोवीनच्या रात्री एका धिप्पाड माणसाशी झुंजतो. भानावर येतो तेव्हा समोर कोणीच नाही, हॅलोवीनही नाही, आणि फरशीवर ठोसे मारून मारून त्याचेच हात रक्तबंबाळ झालेले आहेत. पश्चात्ताप हा शब्द त्या गाण्यात येत नाही. पण केलेल्या कर्मांनी माणसाच्या डोक्यात घर केले की काय होते, याचे इतके चोख वर्णन त्याआधी रॅपमध्ये नव्हते. स्कारफेस पोरवयात नैराश्याने रुग्णालयात राहिलेला होता, हे त्याने पुढे आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले. म्हणजे ही भीती उसनी नव्हती.

इथे मंचावरची ती दुसरी 'जबाबदारी' आणावीच लागते. तिच्याशिवाय या गाण्यांचा अर्थ अर्धाच लागेल.

ज्या वर्षांत ही गाणी जन्मत होती, त्याच वर्षांत अमेरिकेच्या राजकारणात 'वैयक्तिक जबाबदारी' हा परवलीचा शब्द झाला होता. १९८६ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने काय केले पाहा. गरीब काळ्या वस्त्यांत विकले जाणारे क्रॅक ५ ग्रॅम सापडले तर किमान पाच वर्षे कैद. गोऱ्या श्रीमंतांची आवड असलेली कोकेनची पूड मात्र त्याच शिक्षेसाठी ५०० ग्रॅम लागायची. एकास शंभर! हे प्रमाण २०१० मध्ये एकास अठरावर आले, अजून समान नाही. १३ सप्टेंबर १९९४ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी मोठ्या गुन्हेविरोधी कायद्यावर सही केली: एक लाख नवे पोलीस, तुरुंग बांधायला अब्जावधी डॉलर. आणि २२ ऑगस्ट १९९६ रोजी गरिबांचे सरकारी साहाय्य आवळणारा जो कायदा झाला, त्याच्या नावातच 'वैयक्तिक जबाबदारी' हे शब्द होते. वरून खाली बोट दाखवण्याचा हा प्रकार. ज्याच्या हाती सत्ता, तो सांगणार की तुमच्या दैन्याला तुम्हीच जबाबदार. मग अशा काळात त्या वस्तीतला एखादा गायक 'होय, माझेच चुकले' असे म्हणाला तर ते कोणाच्या पथ्यावर पडणार? या धारेच्या प्रत्येक चांगल्या गाण्याला हा पेच टाळता आलेला नाही.

योगायोग असा की १३ सप्टेंबर १९९४ याच दिवशी, तिकडे वॉशिंग्टनमध्ये सही होत असताना, ब्रुकलिनच्या नोटोरियस बी.आय.जी.चा 'रेडी टू डाय' हा पहिला अल्बम दुकानांत आला. क्रॅक विकून पोट भरलेला हा बावीस वर्षांचा तरुण. अल्बम बाळाच्या जन्माच्या आवाजांनी सुरू होतो आणि 'सुइसायडल थॉट्स' या गाण्यावर संपतो. मध्यरात्री एक माणूस मित्राला फोन लावतो आणि आपल्या पापांचा पाढा वाचतो. आईच्या पर्समधून पैसे चोरले, तिला दिलासा असा कधी दिलाच नाही. नरक हीच आपली जागा. मित्र पलीकडून विनवत राहतो. मग गोळीचा आवाज, पडलेला फोन, मंदावत जाणारी हृदयाची धडधड. याच अल्बममध्ये भरपूर बढाई आहे, पैशाची चैन आहे, तीही मजेदार आहे. पण शेवट हा असा. ९ मार्च १९९७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्याचा खून झाला, वय २४.

त्याचा मित्र आणि मग प्रतिस्पर्धी झालेला टुपाक शकूर याचे 'डिअर मामा' (१९९५) यापेक्षा किती तरी सौम्य. आई अफेनी शकूर ही ब्लॅक पँथर चळवळीतली. टुपाक पोटात असताना ती तुरुंगात होती, स्वतःचा खटला स्वतः लढली आणि मे १९७१ मध्ये निर्दोष सुटली, जूनमध्ये बाळंत झाली. पुढे तीच क्रॅकच्या नादी लागली. मुलगा गाण्यात तिचे व्यसनही सांगतो आणि आपण तिला दिलेला त्रासही. दोघांनीही एकमेकांचे देणे मान्य करावे, असा तो हिशेब आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१० मध्ये तेही आपल्या संग्रहात घेतले. पण हे गाणे ज्या अल्बममध्ये आहे तो विक्रीच्या यादीत पहिला आला तेव्हा टुपाक लैंगिक अत्याचाराच्या शिक्षेसाठी तुरुंगात होता, आणि तो आरोप त्याने कधीच मान्य केला नाही. आईपुढे नम्र झालेला माणूस इतर बायकांपुढेही तसाच असेल असे नाही. हे त्याचे एकट्याचे दुखणे नव्हे. या साऱ्या पुरुषी कबुलीजबाबांत बाई बहुधा आरसा म्हणून येते, माणूस म्हणून कमी. लॉरिन हिलने १९९८ च्या 'मिसएज्युकेशन'मध्ये बायकांना आणि पुरुषांना दोघांनाही खडसावले, आणि बायकांशी बोलताना आपण त्याच फेऱ्यातून गेलो हेही सांगून टाकले, तेव्हा तोल जरा सावरला. तो अल्बम १९९९ मध्ये ग्रॅमीचा 'वर्षातील सर्वोत्तम' ठरला. हिप-हॉपला तो मान पहिल्यांदाच मिळाला.

आपल्या संतांशी तुलना करण्याचा मोह इथे होतो. नवविधा भक्तीत आत्मनिवेदन शेवटचे आणि सर्वांत कठीण, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण भक्त देवापुढे उभा असतो. इथे समोर देव नसून ग्राहक असतो. त्यापेक्षा गोव्यातल्या ख्रिस्ती बांधवांचे 'कुमसार' जवळचे. जाळीआड पाद्रीच्या कानात पाप सांगायचे, आणि पाद्रीने ते मरेपर्यंत कोणाला सांगायचे नाही. रॅपमधले कुमसार मात्र चव्हाट्यावरचे. ते सगळ्यांना ऐकू जाते, सरकारी वकिलालाही.

हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. लुइझियानातला रॅपर मॅक फिप्स याला २००१ मध्ये एका क्लबमधल्या गोळीबाराबद्दल सदोष मनुष्यवधाचा दोषी ठरवून ३० वर्षांची शिक्षा झाली. आधीचा एकही गुन्हा त्याच्या नावावर नव्हता, आणि गोळी मीच झाडली असे सांगणारा दुसरा माणूसही पुढे आला होता. सरकारी वकिलाने मॅकच्या दोन वेगवेगळ्या गाण्यांतले शब्द जोडून ज्यूरीपुढे ठेवले. त्यांतले एक तर व्हिएतनाममध्ये लढलेल्या त्याच्या बापाविषयीचे होते. तो सुटला जून २०२१ मध्ये. न्यू जर्सीतल्या स्किनर खटल्यात तर आरोपीच्या वहीतली तेरा पाने भरतील इतकी कवने ज्यूरीला वाचून दाखवली गेली, बरीचशी घटनेच्या कित्येक वर्षे आधी लिहिलेली. २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे अमान्य केले आणि मोठा मार्मिक दाखला दिला: बॉब मार्लेने शेरीफला मारल्याचे गाणे म्हटले म्हणून त्याने खरेच मारले असे कोणी मानत नाही. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२२ मध्ये कायदा करून गाण्यांचा असा पुरावा घेण्यापूर्वी न्यायाधीशांनी नीट तोलून पाहावे असे बंधन घातले. तर सांगायचे काय, गाण्यातला 'मी' हा कधी गायक असतो, कधी मेलेला मित्र, कधी निव्वळ सोंग. प्रामाणिकपणाची किंमत जिथे वर्षांच्या कैदेत मोजावी लागू शकते तिथे सोंग हे संरक्षणही असते.

एमिनेमची गोष्ट वेगळी, गोऱ्या घरातली, आणि बरीच सुखरूप. आईवर त्याने गाण्यांतून आग ओकली. १९९९ मध्ये आईने त्याच्यावर बदनामीचा दावा लावला. २००२ च्या 'क्लीनिन आउट माय क्लॉझेट'मध्ये त्याने सारी भडास काढली. मग २०१३ मध्ये 'हेडलाइट्स' आले. रेडिओवर ते जुने गाणे लागले की मला शरमल्यासारखे होते, कार्यक्रमांत मी ते आता म्हणत नाही, असे त्याने त्यात सांगितले. गाणे परत घेण्यासाठी गाणे लिहायचे! क्षमा मागणारे पुष्कळ भेटतात, पण स्वतःची खपलेली वस्तू बाजारातून मागे ओढणारा विरळा.

जे-झीची क्षमायाचना अधिक गाजली. वयाच्या बाराव्या वर्षी सख्ख्या भावावर गोळी झाडल्याचे त्याने १९९७ च्या एका गाण्यात सांगितले होतेच. ३० जून २०१७ चा '४:४४' हा अल्बम मात्र पत्नी बियॉन्सेशी केलेल्या प्रतारणेबद्दल. पण तिने एप्रिल २०१६ मध्येच 'लेमोनेड'मधून सगळे जगजाहीर केले होते. म्हणजे साहेबांनी कबुली दिली ती पंचनामा झाल्यावर. शिवाय अल्बम आधी ऐकायला मिळाला तो त्यांच्याच 'टायडल' या सशुल्क सेवेवर. पश्चात्तापाची वर्गणी म्हणा ना! तरी मुलांना हे एक दिवस कळेल तेव्हा मी त्यांच्यापुढे कोणत्या तोंडाने उभा राहू, हा जो भाग त्यात आहे तिथे हिशेबी माणूस क्षणभर बाजूला होतो, हे मान्य केले पाहिजे.

आता केंड्रिक लमार. या धारेत त्याच्याइतका खोल कोणी उतरला नाही असे माझे मत आहे. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टन इथे जन्म. २०११ मध्ये त्याने रस्त्यावर देह विकून मारल्या गेलेल्या कीशा नावाच्या मुलीवर एक गाणे केले. लोकांनी डोक्यावर घेतले. ऑक्टोबर २०१२ च्या 'गुड किड, मॅड सिटी'मध्ये 'सिंग अबाउट मी' हे बारा मिनिटांचे गाणे आहे, आणि त्यात तो स्वतःच्याच त्या गाण्याची झाडाझडती घेतो. पहिले कडवे एका मित्राच्या तोंडी. त्याचा भाऊ केंड्रिकच्या मिठीत मेला. आता तो सूड घ्यायला निघाला आहे, आणि मी मेलो तर माझ्याविषयी गा असे म्हणता म्हणता गोळ्यांच्या आवाजात त्याचे वाक्य अर्धे राहते. दुसरे कडवे कीशाच्या बहिणीच्या तोंडी. ती संतापलेली आहे: माझ्या बहिणीची लाज जगापुढे मांडायचा अधिकार तुला दिला कोणी? मी काही तुझ्या गाण्यातली बिचारी नव्हे, मी विरून जाणार नाही, असे ती सांगत राहते आणि नेमका तेव्हाच तिचा आवाज हळूहळू विरत जातो. तिसऱ्यात गायक स्वतः येतो, पण समाधानकारक उत्तर त्याच्यापाशी नाही. दुसऱ्याच्या दुःखावर आपण नाव कमावले, या आरोपाचे वकीलपत्र कवीने फिर्यादीच्याच हाती द्यावे, हे लेखनकामाठी करणाऱ्या आपल्यासारख्यांनाही टोचावे असे आहे. आपणही मेलेल्यांवर लिहितोच की.

फेब्रुवारी २०१५ मध्ये आलेल्या 'द ब्लॅकर द बेरी'ने मात्र रण माजवले. संदर्भ ध्यानात घ्या. फ्लोरिडात ट्रेव्हॉन मार्टिन हा सतरा वर्षांचा निःशस्त्र मुलगा फेब्रुवारी २०१२ मध्ये मारला गेला, मारणारा जुलै २०१३ मध्ये निर्दोष सुटला. ऑगस्ट २०१४ मध्ये फर्ग्युसनमध्ये पोलिसाच्या गोळीने मायकल ब्राउन गेला. गाण्यातला 'मी' गोऱ्या वर्णद्वेषावर तुटून पडतो, पण प्रत्येक कडव्याच्या सुरुवातीला स्वतःला ढोंगी म्हणतो. का, ते अखेरीस कळते: ट्रेव्हॉनसाठी रडणाऱ्या या माणसाने टोळीयुद्धात स्वतः एका काळ्या माणसाचा जीव घेतला आहे. त्याच्या आदल्या महिन्यात एका मुलाखतीत, आपणच आपला मान राखला नाही तर इतरांनी तो राखावा ही अपेक्षा कशी करायची, अशा अर्थाचे तो बोलला होता. टीकाकार म्हणाले, हा तर मालकाची भाषा बोलतो! त्यांचा राग निराधार नव्हता. २००४ मध्ये विनोदी नट बिल कॉस्बी यांनी ब्राउन खटल्याच्या सुवर्णमहोत्सवात गरीब काळ्या आईबापांना असेच झोडपले होते, आणि तेच कॉस्बी पुढे स्वतः लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात अडकले. २०१८ मध्ये दोषी ठरले, २०२१ मध्ये निकाल रद्द होऊन सुटले.

पण मला फरक दिसतो तो असा. कॉस्बी मंचावरून 'तुम्ही' म्हणत होते. केंड्रिक 'मी' म्हणतो, आणि बोट समाजाकडे नसून स्वतःकडे आहे असे त्याने नंतर मुलाखतींतूनही सांगितले. शिवाय त्या गाण्यात व्यवस्थेला सूट नाही. तिचा गुन्हा आणि आपला गुन्हा तो शेजारी शेजारी ठेवतो, एकाने दुसरा पुसला जात नाही. त्याच अल्बममधले 'यू' ऐकावे. हॉटेलच्या खोलीत दारूच्या नशेत एक यशस्वी माणूस आरशापुढे स्वतःला शिव्या घालतो आहे. मित्र रुग्णालयात मरत होता तेव्हा तू भेटायलाही गेला नाहीस, फोनच्या पडद्यावर तोंड दाखवलेस. आवाज फाटतो, हुंदके येतात. आणि गंमत पाहा, याच अल्बममधले 'ऑलराइट' त्या वर्षी मोर्च्यांत घोषणेसारखे गायले गेले. ज्याला सरकारधार्जिणा म्हटले, त्याचेच गाणे पोलिसांपुढे उभे राहताना लोकांच्या ओठी आले.

२०१८ मध्ये त्याला पुलित्झर मिळाले ('डॅम' या अल्बमसाठी, शास्त्रीय आणि जॅझ सोडून इतर संगीताला पहिल्यांदाच). मग पाच वर्षांच्या मौनानंतर १३ मे २०२२ रोजी 'मिस्टर मोराल अँड द बिग स्टेपर्स' आला. त्यातले 'मदर आय सोबर' हे या साऱ्या इतिहासातले सर्वांत उघडे गाणे. पाच वर्षांचा असताना आईला मार बसताना पाहिला आणि भीतीने काही केले नाही, ही लहान मुलाची लाज; मग मोठेपणी जोडीदारिणीशी केलेली प्रतारणा. गुलामगिरीच्या काळापासून पिढ्यान्‌पिढ्या देहांवर झालेल्या अत्याचारांशी तो हे जोडतो, पण स्वतःच्या वागण्याला सबब म्हणून नाही. तरी एक गोष्ट खटकते. याच अल्बममध्ये त्याने फ्लोरिडाच्या एका रॅपरला मानाची जागा दिली आहे, ज्याने एका किशोरवयीन मुलीवरील हल्ल्याचा गुन्हा २०२१ मध्ये कोर्टात कबूल केला होता. पापी माणसालाही सुधारण्याची वाट असावी, असे त्यामागे असेल. पण त्या मुलीचा आवाज अल्बमभर कुठेही नाही. कीशाच्या बहिणीला कडवे देणाऱ्या कवीकडून ही चूक व्हायला नको होती.

आणि बाजार? 'मिस्टर मोराल'चा आदर झाला, पण रस्त्यारस्त्यांवर वाजले ते २०२४ चे 'नॉट लाइक अस'. ड्रेक या कॅनेडियन गायकाशी झालेल्या भांडणातले हे गाणे. बोट पुन्हा समोरच्याकडे, आणि केवढ्या आवेशात! फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला पाच ग्रॅमी मिळाले. आठवड्याभराने, सुपर बोलच्या मध्यंतरात, भरल्या मैदानात केंड्रिकने तेच गायले. त्या कार्यक्रमात 'मिस्टर मोराल'मधले एकही गाणे नव्हते.